देव वादी होऊ शकतो, चमत्कार साक्षीदार होऊ शकत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका गावात देवीच्या गाभाऱ्यात, बाहेरून कुलूप लावलेलं असताना, विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष मेलेला सापडतो. गाव म्हणतं, देवीचा कोप. जुनं देऊळ पाडून मूर्ती नव्या देवळात न्यायची की नाही, यावर आधीपासूनच दिवाणी दावा चालू आहे आणि कादंबरीची नायिका त्या दाव्यात देवीची वकील आहे. तुम्हाला कोर्ट खरं हवंय आणि अंगावर येणारं भयही खरं हवंय. दोन्ही एकत्र नांदतील का, आणि कायद्याच्या बाजूने कुठे पाय घसरेल, हे तुम्ही विचारलंय.

देवस्थानांचे दावे, धर्मादाय आयुक्तांकडचे वाद आणि कोकणातल्या मानपानाची भांडणं यांतच माझी वकिली गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. माझं म्हणणं एवढंच आहे: अद्भुत गोष्ट कोर्टाच्या नोंदीवर कधीही येऊ देऊ नका, पण तिच्यावरचा विश्वास प्रत्येक पानावर येऊ द्या. देवी आहे का, कोपली का, हा मुद्दा कोणताही न्यायाधीश काढणार नाही. चावी कोणाकडे होती, मूर्ती हलवायचा अधिकार कोणाचा, मयत शेवटचा कोणाला दिसला, एवढेच मुद्दे निघतील. गावाला रात्री झोप लागू न देणारा प्रश्न निकालपत्रात कुठेच नसतो. तुमची कादंबरी त्या फटीत उभी राहते.

आधी देवीच्या वकिलाबद्दल, कारण तुमची सगळ्यात चांगली कल्पना तीच आहे. आपल्या कायद्यात प्रतिष्ठापित मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकरासाठीही देवतेवर कर आकारता येतो असं धरलं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की देवस्थानच्या जमिनीची मालक देवता, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. मालक म्हणून महसुली नोंदीत नाव देवतेचंच लागेल. मात्र हा दर्जा मूर्तीचा आहे. अयोध्येच्या २०१९ च्या निकालात रामलल्लाला विधिमान्य व्यक्ती मानलं गेलं, पण नुसत्या जागेला तो दर्जा द्यायला न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे तुमच्या आराखड्यात देवराई स्वतःच्या नावाने दावा लावते तो भाग टिकणार नाही. तो दावा देवीच्या नावाने लावा.

देवी बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने कोणीतरी उभं राहतं. अज्ञान मुलाच्या वतीने पालक उभा राहतो तसं हे असतं. नेहमी ते काम विश्वस्त किंवा वहिवाटदार करतात. पण विश्वस्ताचाच स्वार्थ देवीच्या हिताच्या आड येत असेल, तर कोर्ट तिऱ्हाइताला देवीचा हितचिंतक म्हणून पुढे येऊ देतं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. देव अज्ञानासारखा मानला तरी मुदतीच्या कायद्यातून त्याला सूट नाही. उशीर झाला तर देवाचाही दावा मुदतबाह्य ठरतो. तुमच्या खलनायकाच्या वकिलाने नेमका हाच बचाव घ्यावा. 'देवाला कसली मुदत?' असं गाव म्हणेल आणि न्यायाधीश तारखा मोजत बसलेले असतील.

आता तुमच्या कथानकाला सोन्यासारखा उपयोगी पडेल असा निकाल सांगतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळ्या होत्या. एका भावाला आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती, दुसऱ्याचा विरोध होता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. १९२५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की मूर्ती म्हणजे उचलून इकडून तिकडे न्यायची वस्तू नव्हे, तिचा मुक्काम कुठे असावा याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी कोर्टाने निःस्वार्थ हितचिंतक नेमावा. समुद्रापलीकडे बसलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी देवाची इच्छा विचारात घेतली. हा निकाल तुमच्या नायिकेच्या हातात द्या आणि मग तिला कोंडीत पकडा. देवीची इच्छा कळणार कशी?

गावाकडे त्याचं उत्तर तयार आहे: कौल लावा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात मूर्तीवर पाण्याने पाकळ्या किंवा कळे चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि उजवा कळा पडला की डावा, यावरून होकार-नकार घेतात. प्रत्येक देवळाची रीत थोडी वेगळी असते, तेव्हा तुमच्या गावाची रीत गुरवाजवळ बसून नीट समजून घ्या. कोर्टात मात्र 'कौल मिळाला' हा मूर्ती हलवायच्या अधिकाराचा पुरावा होत नाही. पण 'या देवळात कौल घेतल्याशिवाय महत्त्वाचा निर्णय घ्यायचा नाही अशी वहिवाट आहे' ही गोष्ट शाबीत करता येते, कारण रूढी हा पुराव्याचा विषय आहे. जुनी इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, वयोवृद्ध मानकऱ्यांच्या साक्षी, सगळं येऊ शकतं. म्हणजे नायिकेला कौल खरा असतो असं म्हणायचंच नाही. तिला फक्त म्हणायचंय की कौल न घेता ठराव केला, म्हणून ठराव रूढीविरुद्ध आहे. मग उलटतपासात समोरचा वकील गुरवाला विचारेल, 'पाणी जास्त लावलं तर कळा लवकर पडतो, बरोबर?' गुरव काय उत्तर देतो, ते लिहायला मला तुमचा हेवा वाटतो.

मूर्तीच्या स्थलांतराला आपल्याकडे जुना इतिहासही आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने साष्टीतल्या देवता रातोरात जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला नेल्या गेल्या. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा त्यातलीच. तुमच्या देवीला असं एखादं जुनं पलायन दिलंत तर 'तिला पुन्हा हलवायचं नाही' या गावाच्या हट्टाला वजन येईल. गोव्यात गोष्ट नेलीत तर मात्र कायदा बदलतो. तिथे पोर्तुगीज काळातलं देवस्थान नियमन आणि महाजनांची पद्धत आजही आहे आणि देखरेख मामलेदाराकडे असते. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो: परिशिष्ट एकवर नोंद, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, आणि स्थावर विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. हा चेंज रिपोर्ट म्हणजे कंटाळवाणा कागद समजू नका. अध्यक्षाच्या मृत्यूने सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला हे शोधायचं असेल, तर नायिकेने पहिल्यांदा तोच काढावा. कोणाचं नाव आत आलं, कोणाचं गेलं, हरकत कोणी घेतली, मंजुरीला किती वर्षं लागली, ही सगळी गावाची भाऊबंदकी त्या एका फाइलीत असते.

आता भयाबद्दल. मला विचाराल तर दैवी गूढ आणि कोर्ट यांची गाठ जशी तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पडली तशी दुसरीकडे नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तळघरं उघडली आणि प्रचंड संपत्ती बाहेर आली. ब कक्ष मात्र उघडला नाही. त्याला नागबंध, म्हणजे नागांचा मंत्रबंध आहे, उघडला तर अनर्थ होईल अशी श्रद्धा. ज्यांच्या याचिकेमुळे हे सगळं सुरू झालं ते वयोवृद्ध वकील, पूर्वीचे पोलीस अधिकारी, त्याच जुलैत वारले. ऑगस्टमध्ये देवप्रश्न, म्हणजे ज्योतिषांकरवी देवाची इच्छा विचारण्याचा विधी झाला आणि कक्ष उघडणाऱ्यावर देवाचा कोप होईल असं त्यात निघालं. इथवर कोणीही लेखक पोहोचेल. पण पुढे माजी महालेखापाल विनोद राय यांच्या अहवालात नोंद आली की तो कक्ष १९९० नंतर अनेकदा उघडला गेला होता. राजघराण्याच्या बाजूने सांगण्यात आलं की उघडलं ते बाहेरचं दालन, आतलं दार नव्हे. आणि १३ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो कक्ष उघडायचा की नाही हे समितीवर सोपवलं.

इथे भीती कुठे आहे पाहा. नागाच्या शापाने थोडं दचकायला होतं. पण ज्या दाराला कोणी हात लावत नाही असं सगळे मानतात, ते दार कोणीतरी उघडत होतं ही नोंद वाचली की पाठीतून कळ जाते. कोण? कशासाठी? आणि तो आत गेला त्याला काहीच झालं नाही, की झालं? श्रद्धा आणि नोंदवही एकमेकांसमोर उभ्या राहिल्या की दोन्हींचं वजन वाढतं. पुरीच्या रत्नभांडाराचंही असंच. २०१८ मध्ये आतल्या दालनाची चावीच सापडेना, मग डुप्लिकेट चाव्यांचं पाकीट मिळाल्याची बातमी आली, आणि १४ जुलै २०२४ ला प्रत्यक्ष उघडायला गेले तेव्हा त्या चाव्यांनी कुलपं उघडलीच नाहीत, तोडावी लागली. तुमच्या गाभाऱ्याला तीन कुलपं आणि तीन मानकऱ्यांकडे तीन चाव्या द्या, अशी पद्धत खरीच असते. मग त्यातल्या एका चावीची नक्कल कधी झाली एवढ्याच प्रश्नावर शंभर पानं चालतील.

मृत्यूकडे वळू. तुमच्या आराखड्यात प्रेताचा चेहरा 'जिवंत असल्यासारखा तांबूस' दिसतो आणि गाव म्हणतं देवीने कुंकवाचा हात फिरवला. हे तुम्ही कल्पनेने लिहिलं असेल, पण त्याला खरा आधार आहे. दगडी गाभारा, खिडकी नाही, दार ठेंगणं. आत पेटत्या कोळशाची धुपाटणी ठेवून दार बंद केलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. वास नाही, रंग नाही. त्या विषबाधेत प्रेतावरचे डाग नेहमीच्या निळसर-जांभळ्याऐवजी चेरीसारखे लालसर दिसतात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या ते लक्षात आलं आणि त्याने रक्त तपासणीला राखून ठेवलं, तर कारण कळेल. त्याने नेहमीच्या सवयीने फक्त व्हिसेरा (पोटातले अवयव) राखला आणि गावकऱ्यांनी त्याच संध्याकाळी अग्नी दिला, तर उरतात फक्त पंचनाम्यातले शब्द. म्हणून मरणोत्तर पंचनाम्यात, म्हणजे आजच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १९४ खालच्या कागदात, पंचांनी प्रेताचा रंग लिहिलाय का, धुपाटणीतली राख कोमट होती की गार, समईत तेल शिल्लक असताना ती विझली होती का, हे आधीच पेरून ठेवा. पहिल्या वाचनात ती भक्तिभावाची वर्णनं वाटावीत. नायिका तिसऱ्यांदा तोच पंचनामा वाचेल तेव्हा ती पुरावा व्हावीत. पंचही गावातलेच असतात आणि देवीला घाबरतात, त्यामुळे ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून सही करतात. उलटतपासात हे बाहेर काढा.

सुरुवातीला पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतील, खुनाचा गुन्हा लगेच दाखल होणार नाही. हा मधला काळ कादंबरीकाराला फार मोलाचा. गुन्हा नाही म्हणून अटक नाही, आणि गाव निकाल देऊन मोकळं झालेलं असतं.

बाहेरून कुलूप असल्याने ज्याच्याकडे चावी, त्याच्यावर कायद्याचं ओझं येतं. आजच्या पुराव्याच्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष अधिनियमाच्या, कलम १०९ प्रमाणे एखादी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असेल तर ती त्याने सांगायची असते. पण हे सरकार पक्षाच्या हातातलं जादूचं पान समजू नका. आधी सरकार पक्षाने आपली साखळी उभी करायची, मगच आरोपीकडे खुलासा मागता येतो. गुरव म्हणतो, 'मी कुलूप लावलं तेव्हा आत कोणी नव्हतं.' हा खुलासा खरा मानला तर गाव बरोबर ठरतं. खोटा मानला तर तो फासावर जाण्याची शक्यता. न्यायाधीशाला या दोनांतच वाट काढायची आहे, आणि देवीचं नाव न घेता.

आता तुमचं सगळ्यात अवघड प्रकरण: जत्रेत म्हाताऱ्या बाईच्या अंगात येतं, ती अवसारात, म्हणजे त्या अंगात आलेल्या अवस्थेत, सांगते की खुनाची वस्तू तळीच्या तिसऱ्या पायरीखाली आहे, आणि ती तिथेच सापडते. तुम्ही हे शेवटच्या कलाटणीसाठी राखलंय. मी सांगेन, ते मध्यावर आणा, कारण कायद्याच्या दृष्टीने खरी आग तिथून लागते. पोलिसाच्या मनात दैवी ज्ञान नावाचा प्रकार नाही. वस्तू कुठे आहे हे जिला माहीत, ती एकतर साक्षीदार किंवा सामील. अटकेतल्या आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू मिळाली तर साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यातलं ते प्रसिद्ध कलम २७. ही बाई आरोपी नाही, अटकेत नाही. तिचं बोलणं ऐकलेल्यांनी कोर्टात सांगितलं तर 'देवी असं म्हणाली' हे त्यातल्या मजकुराच्या खरेपणासाठी चालणार नाही, पण 'या बाईने अमुक वेळी हे शब्द उच्चारले' ही घटना म्हणून चालेल. आणि ती घटना तिच्याच विरुद्ध जाते. ज्या बाईला गाव पायांवर डोकं ठेवून नमस्कार करतं, तिला तपास अधिकारी चौकशीला बोलावतो. नायिका आता काय करेल? ती देवीची वकील आहे आणि बाई म्हणतेय की बोलली ती देवीच.

कबुलीजबाबाच्या नियमात अशीच एक जागा आहे, जिच्याकडे कथालेखकांचं लक्ष गेलेलं मला दिसत नाही. धमकी किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली बाद ठरते, पण कायद्याची अट अशी की ती धमकी अधिकारपदावरच्या माणसाकडून आलेली आणि ऐहिक नुकसानीची हवी. 'देव तुझा निर्वंश करील' हे भय ऐहिक नाही. म्हणून देवळात, देवाच्या भयाने, मानकऱ्यासमोर दिलेली कबुली केवळ त्या भयापायी बाद होत नाही. ती विश्वासार्ह आहे का एवढंच पाहिलं जातं, आणि अशा खासगी कबुलीकडे कोर्टं सावधपणेच पाहतात. पोलिसापुढे दिली तर अर्थातच नाही. आणखी पुढे जायचं तर एखादं पात्र चर्चमध्ये पाद्रीपुढे पापनिवेदन करतं असं दाखवता येईल. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला आपला कायदा संरक्षण देतो, पाद्रीला तसं कलम नाही. उलट कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्यात पापनिवेदनाचं गुपित फोडणं त्याला पूर्ण वर्ज्य आहे. समन्स हातात घेतलेला तो पाद्री म्हणजे अख्खं एक प्रकरण.

विश्वासाचा आणखी एक कायदेशीर उपयोग आहे: बचाव. ओडिशा उच्च न्यायालयाचा राम बहादूर थापा खटला वाचाच. जुन्या ओसाड विमानतळाजवळ भुतं असतात अशी त्या भागात समजूत. रात्री लांब हलता उजेड दिसला, काही आकृत्या नाचताहेत असं वाटलं, आणि भुतं समजून नोकर असलेल्या थापाने खुकरी चालवली. त्या आकृत्या म्हणजे मोहाची फुलं वेचायला कंदील घेऊन आलेल्या आदिवासी बाया होत्या. एक मेली, काही जखमी झाल्या. न्यायालयाने त्याला वस्तुस्थितीच्या प्रामाणिक चुकीचा फायदा देऊन सोडलं. आज ते जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १७. भूत आहे की नाही यावर न्यायालय एक शब्द बोललं नाही. त्याला प्रामाणिकपणे काय वाटलं आणि त्याने पुरेशी काळजी घेतली होती का, एवढंच पाहिलं. तुमच्या रात्रीच्या पहारेकऱ्याचं प्रकरण याच वळणाचं आहे. पण त्या मेलेल्या बाईला विसरू नका. भुताच्या गोष्टीत माणूस मरतो तेव्हा त्याच्या घरचे कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेले असतात, आणि निर्दोष सुटका ऐकून त्यांना काय वाटतं हे कुठल्याच निकालात छापलं जात नाही.

देवीने सांगितलं म्हणून मारलं, असा बचाव वेगळा. तो मनोविकृतीचा, न्याय संहितेचं कलम २२. तिथे मानसोपचारतज्ज्ञ येईल, पूर्वीचे उपचार येतील, आणि कृत्य चुकीचं किंवा बेकायदा आहे हे त्याला त्या क्षणी कळत होतं का, हे पाहिलं जाईल. प्रेत लपवलं असेल तर बचाव बहुधा तिथेच ढासळतो.

महाराष्ट्रात लिहिताय म्हणजे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा येणारच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी अध्यादेश निघाला, मग डिसेंबरात कायदा झाला. त्या माणसाने त्यासाठी आयुष्य घातलं, तेव्हा हा कायदा कथेत आणाल तर नीट वाचून आणा. वारी, कीर्तन, पूजा, नवस यांना तो हात लावत नाही. नुसतं अंगात येणंही गुन्हा नाही. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लोकांना धाकात ठेवणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, एखाद्याला भूत-चेटकीण ठरवून छळणं, हे अनुसूचीत आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. गुप्तधनाचा विषय आला की मला परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवतं. १९७२ ते १९७४ या काळात तिथे बायका-मुलींचे खून झाले आणि धन व बळी यांची सावली त्या तपासावर होती. त्या प्रकाराला चवदार बनवून लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. आणि तुमच्या कथेत हंडा सापडतोच, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे: जमिनीत दडलेलं, १० रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाहीतर वाटा जातो आणि तुरुंगही होऊ शकतो. अध्यक्षाच्या खिशात अर्धवट लिहिलेला तो अर्ज सापडू द्या.

शपथेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते बदला. आपल्या कोर्टात गीतेवर हात ठेवत नाहीत, न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, ज्यूरी तर केव्हाच गेली. पण तुम्हाला देवळातली शपथ हवी असेल तर इतिहासात ती भरपूर आहे. शिवकाळात आणि पेशवाईत बेलभंडार, म्हणजे देवाचा बेल आणि भंडारा, उचलून शपथ घ्यायचे, आणि वतनाच्या भांडणात पुरावा अपुरा पडला तर दिव्य व्हायचं: उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहर लावायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचं. भाजलं नसेल तर खरा. निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिला जायचा. इंग्रजी अमलातही हे पूर्ण संपलं नव्हतं. १८७३ च्या शपथ कायद्यात एक पक्ष म्हणू शकत होता की समोरच्याने अमुक देवापुढे शपथ घेऊन सांगावं, मला ते बंधनकारक राहील. आणि तशी शपथ झाली की त्या पक्षाविरुद्ध तो निर्णायक पुरावा ठरायचा. १९६९ च्या कायद्यात ही तरतूद गेली. तुमच्या देवस्थानचा मूळ तंटा जुन्या काळात, अशाच एका शपथेवर तुटला होता असं करा. खोटी शपथ खाल्लेल्या घराण्यातला पणतू म्हणजे आजचा मयत अध्यक्ष. गावाला मग कोपाचं कारणही सापडेल आणि नायिकेला त्या जुन्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल रेकॉर्ड रूममधून काढावी लागेल. फक्त तारखा सांभाळा. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागले, घटना त्याआधीची असेल तर गुन्ह्याला जुनी दंड संहिता लागेल.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात: अखेर देवी की माणूस, हे सांगावं का? ढाक्याच्या भवाल संन्यासी खटल्याकडे पाहा. १९०९ मध्ये दार्जिलिंगला मेला म्हणून ज्याच्या अंत्यविधीची हकीकत सगळीकडे पोहोचली, तो राजकुमार बारा वर्षांनी अंगाला राख फासलेला संन्यासी होऊन परतला. बायको म्हणाली, हा तोतया. १९३० मध्ये दावा लागला, दीड हजारांहून अधिक साक्षीदार झाले, १९३६ मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसूंनी तोच राजकुमार असं ठरवलं, हायकोर्टात तेच कायम झालं, आणि जुलै १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलनेही तेच म्हटलं. त्यानंतर काही दिवसांतच तो वारला. देवानेच शिक्षा केली असं त्याची बायको मानत राहिली. तिच्या मनातला निकाल कोणतंही अपील फिरवू शकलं नसतं.

आपला कायदा तुम्हाला असा दुहेरी शेवट सरळ हातात देतो. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे शाबीत करावं लागतं, दिवाणीत जास्त संभव कोणत्या बाजूला एवढंच तोलतात. त्यामुळे एकाच रात्रीबद्दल दोन कोर्टं वेगवेगळं बोलू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. सत्र न्यायाधीश गुरवाला संशयाचा फायदा देऊन सोडतील. दिवाणी न्यायाधीश देवीच्या बाजूने मनाई हुकूम देतील: नव्याने, वहिवाटीप्रमाणे ठराव होईपर्यंत मूर्ती जागची हलवू नये, तिन्ही चाव्या कोर्ट कमिशनरकडे जमा कराव्यात. मृत्यू कसा झाला हा मुद्दा त्या दाव्यात निघालाच नव्हता, म्हणून त्यावर निष्कर्षही असणार नाही. तुमच्या शेवटच्या प्रकरणात कमिशनर चाव्या ताब्यात घेतो तेव्हा पावतीवर चाव्यांची संख्या ३ नव्हे, ४ लिहायला लावा, आणि चौथी कोणी आणून दिली तो रकाना कोरा ठेवा. कागद पूर्णपणे कायदेशीर राहील.